लिने विवर सापडत नाहीये? या चुका टाळा

चंद्रावरचं लिने शोधायला गेलं की बहुतेकांना एक पांढरा ठिपका दिसतो आणि 'दिसलं बुवा' म्हणून ते खूश होतात. पण तो ठिपका म्हणजे विवर नाही. विवर जेमतेम 2.2 किमीचं आहे, आणि आघाताच्या वेळी आतला जो ताजा माल उडून आजूबाजूला पडला त्याचा पांढरा पट्टा विवराच्या कितीतरी पट मोठा, त्यामुळे नजर आधी तिथेच जाते.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे पौर्णिमेला बघणं. तेव्हा तिथे ऊन जवळपास वरून पडतं, सावली नाही म्हणजे खोली कळत नाही, नुसता पांढरा डाग. यावरून 1866 मध्ये केवढा गोंधळ झाला होता! अथेन्सच्या वेधशाळेचे ज्युलियस श्मिट यांनी जाहीर केलं की लिने बदललंय, चंद्राचे नकाशे काढणाऱ्या लोहरमान आणि मेडलर यांनी आधी खोल विवर म्हणून नोंदवलेलं आणि आता तिथे पांढुरका डाग, मग काय, चंद्रावर काहीतरी घडतंय म्हणून वाद सुरू. विवर जागच्या जागीच होतं, फक्त तेव्हाच्या दुर्बिणींना कसंबसं दिसेल एवढं छोटं आणि उन्हाच्या कोनाप्रमाणे रूप बदलणारं.

मग बघायचं कधी? शुक्ल सप्तमीच्या शेवटापासून अष्टमीपर्यंत, कारण पहिल्या चतुर्थकाच्या (चंद्र बरोबर अर्धा दिसतो त्या वेळेच्या) साधारण एक दिवस आधी तिथे सूर्य उगवतो आणि विवर सावलीने भरलेलं असतं. पहाटे उठायची तयारी असेल तर वद्य षष्ठीही चालेल.

जागा चुकणं हा वेगळाच त्रास. ॲपेनाइन आणि कॉकेशस या चंद्रावरच्या डोंगररांगांच्या मधली फट पकडा, तिथून पूर्वेला मारे सेरेनिटाटिस या गडद मैदानाच्या सपाटीवर या. इथे ईशान्येला लिने ए आणि लिने बी आहेत, नावाला जोडीदार पण आकाराने लिनेपेक्षा मोठे, त्यामुळे लोक त्यांनाच लिने समजून मोकळे होतात. आणि नकाशा 1961 च्या आधीचा असेल तर पूर्व-पश्चिम उलटी असणार, त्यात रिफ्रॅक्टरला (भिंगाच्या दुर्बिणीला) डायगोनल म्हणजे नजर काटकोनात वळवणारा आरसा लावला असेल तर चित्र आरशासारखं पलटतं, आधी मोठ्या खुणांवरून दिशा नक्की करा.

मॅग्निफिकेशन वाढवून काही होत नाही हो. चंद्रावरचे साधारण 1.9 किमी म्हणजे आपल्याला एक आर्कसेकंद (एका अंशाचा 3600 वा भाग), म्हणजे लिने जेमतेम त्याहून थोडं मोठं. 100 मिमीच्या टेलिस्कोपला हे काठावर पास होण्यासारखं, 150 मिमी किंवा जास्त असेल तर बरं. हवा थरथरत असताना 400 पट केलं तर थरथरच 400 पट दिसणार, त्यापेक्षा टेलिस्कोप बाहेर थंड होऊ द्या, चंद्र वर येऊ द्या आणि 200 च्या आसपास थांबा.

आकाराबद्दलही एक गैरसमज: अशी छोटी विवरं वाटीसारखी असतात असं सरसकट छापलेलं असतं, पण चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाच्या मोजमापात लिने उलट्या शंकूसारखं निघालं, तळाशी थोडं चपटं, खोली अर्ध्या किमीच्या आसपास.

फोटो काढणाऱ्यांनो, शार्पनिंग जपून. जास्त केलं की पांढऱ्या डागाभोवती काळी कड तयार होते आणि ती हुबेहूब विवराच्या सावलीसारखी दिसते. शंका आली तर मूळ फ्रेम उघडा, तिथे सावली सूर्याच्या बाजूच्या कडेला नसेल तर ते सॉफ्टवेअरचंच काम.