आपलं गाणं अनोळखी माणसाला कसं सांगावं? स्वतंत्र संगीतकारांसाठी

आमच्या भागातल्या दिवाळी पहाटेच्या आयोजनात मी काही वर्षं हातभार लावतो आहे, आणि स्वतःची गाणीही करतो. त्यामुळे गाण्याबद्दलचे मेसेज मी पाठवलेही आहेत आणि मला आलेही आहेत. ऑगस्ट-सप्टेंबरात फोनवर येणारा मजकूर साधारण असा असतो: 'नमस्कार सर, आमचं नवीन गाणं आलं आहे. मनाला भिडणारं संगीत, एक वेगळाच अनुभव. नक्की ऐका.' खाली लिंक. गाणं खरंच चांगलं असूही शकतं. पण ती लावणी आहे की गझल, गाणारी एकटी आहे की सहा जणांचा संच, मंचावर काय काय मांडावं लागेल, यातलं काही कळत नाही. मग लिंक उघडायची राहून जाते, आणि कुणाच्या तरी वर्षभराच्या मेहनतीवर तिथेच पाणी पडतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पाठीशी कंपनी नसली की हे सांगण्याचं काम गाणाऱ्यालाच करावं लागतं. ते शिकता येतं. मी ज्या क्रमाने करतो, तो क्रम पुढे देतो.

पायरी १: आधी दुसऱ्यांचे शब्द गोळा करा

स्वतःच्या गाण्याबद्दल लिहायला बसलो की ते करताना आपल्याला काय वाटलं, तेच आपण लिहितो. ऐकणाऱ्याच्या कानावर पडतं ते वेगळं. म्हणून काही लिहिण्याआधी गाणं तिघांना ऐकवा: एक संगीत शिकलेला, एक अजिबात न शिकलेला आणि एक तुम्हाला फारसा न ओळखणारा. घरचे नकोत, ते कौतुकच करतील. एकदाच ऐकवा आणि तीन प्रश्न विचारा. काय काय वाजतंय? हे कुठे बसून, कधी ऐकावंसं वाटलं? कुठे कान टवकारले? उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, सुधारू नका.

माझ्या आजीच्या ओव्यांवर मी एक गाणं केलं होतं. ते आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्या काकांना ऐकवलं. डोळे मिटून त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "गिरणी सुरू केली की आधी जड फिरते बघ, मग लय धरते. तसं आहे हे." सहा महिने मी त्या गाण्यात होतो, पण इतकं नेमकं मला सांगता आलं नव्हतं. ते वाक्य मी जवळजवळ तसंच वापरलं.

पायरी २: विशेषणं खोडा, माहिती भरा

कच्चा मजकूर लिहा आणि लाल पेन घ्या. सुमधुर, हृदयस्पर्शी, मंत्रमुग्ध, आगळंवेगळं, अविस्मरणीय हे सगळे शब्द खोडा. उरलेलं प्रत्येक वाक्य दुसऱ्या कुणाच्याही पोस्टरवर चालेल का, ते बघा. चालत असेल तर तेही खोडा. बहुतेक वेळा कागद कोरा होतो. घाबरू नका, आता चार गोष्टी लिहा: गाणारे-वाजवणारे कोण, कुठले, काय ऐकू येतं आणि गाणं कशाबद्दल आहे.

माझा पहिला मजकूर असा होता: 'परंपरा आणि आधुनिकतेचा सुरेख संगम साधणारं, मनाचा ठाव घेणारं गीत.'

बदलल्यावर: 'सातारा जिल्ह्यातल्या माझ्या आजीच्या चार ओव्या. साथीला फक्त बेस गिटार आणि घुंगरू, तबला नाही. जातं आधी जड फिरतं, मग लय धरतं, तशी तीन मिनिटांत गाण्याची गती वाढत जाते. माहेरच्या वाटेवर असलेल्या बाईचं हे गाणं आहे.'

यात कौतुकाचा एक शब्द नाही. पण ज्याला ओव्या आवडतात त्याला कळतं की हे आपल्यासाठी आहे, आणि ज्याला नाचायला गाणं हवंय त्यालाही कळतं की नाही. 'तबला नाही' हे दोन शब्द काढायला एका मित्राने सांगितलं होतं. मी ठेवले, कारण आयोजकांपैकी दोघांनी नेमकी त्यावरूनच चौकशी केली.

असा नेमकेपणा पाहायचा असेल तर 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावरचा जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह उघडा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने जमलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या आहेत त्या. तिथे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव मिळतं, गाव मिळतं. नाव आणि गाव कळलं की ऐकणारा त्या उंबऱ्यापाशी जाऊन उभा राहतो. कितीही विशेषणं रचली तरी हे साधत नाही.

पायरी ३: प्रकाराला नाव द्या

'फ्यूजन' हा शब्द शक्यतो वापरू नका. कशात काय मिसळलं ते त्यातून कळत नाही. आपल्याकडे ओवी, भारूड, गोंधळ, पोवाडा, लावणी, भावगीत, नाट्यपद अशी नेमकी नावं आहेत, ती वापरायला लाजू नये. 'भावगीत' हे नावही रेकॉर्ड आणि रेडिओच्या काळात घराघरांत रुजलं. नवीन गाण्याला नवीन नाव मिळालं आणि लोकांना ते मागता येऊ लागलं.

एक ओळखीचा शब्द आणि एक अनपेक्षित शब्द, अशी जोडी चांगली बसते. क्रेटेक्स हा संगीतनिर्माता आपल्या संगीताला 'एम-हाउस' म्हणतो, म्हणजे मराठी हाउस (हाउस हा इलेक्ट्रॉनिक नाचगाण्याचा प्रकार). 'अभंग रिपोस्ट' या मुंबईच्या बँडचं तर नावच सगळं सांगून जातं: अभंग आहेत आणि ते आजच्या मुलांनी पुन्हा मांडले आहेत. पण नाव खरं हवं. केवळ डफ वाजला म्हणून पोवाडा म्हणाल तर शाहिरी ऐकणारा माणूस दुखावेल, आणि तुमचा पहिला खरा श्रोता तोच असू शकला असता.

मोठ्या गायकांशी तुलना करू नये असं माझं ठाम मत आहे. 'अमुक बुवांची आठवण करून देणारा आवाज' असं वाचलं की ऐकणारा बुवांनाच शोधत बसतो. त्यापेक्षा 'रात्रीच्या एसटीत खिडकीशी बसून ऐकायचं गाणं' हे बरं.

पायरी ४: एकच मजकूर, तीन मापं

पहिलं माप एका ओळीचं. फोनच्या नोटिफिकेशनमध्ये तेवढंच दिसतं. दुसरं पाच-सहा वाक्यांचं. स्पॉटिफायवर गाण्यांच्या याद्या करणाऱ्या संपादकांना गाणं सुचवायचं तर टीप ५०० अक्षरांत बसवावी लागते. मराठीत लिहिणाऱ्यांनी इथे जपावं: संगणक काना-मात्रा आणि हलन्तसुद्धा वेगळे मोजतो. 'स्त्री' हे आपल्याला एक अक्षर, त्याच्या हिशेबात सहा. वाचणारा संपादक मराठी जाणणारा असेलच असं नाही, म्हणून ही टीप मी इंग्रजीत लिहितो आणि ध्रुवपदाचा अर्थ त्यात देतो. तिसरं माप परिचयाचं, दीड-दोन परिच्छेदांचं. त्यात गुरूंचं नाव, गाव, आजवरचे कार्यक्रम येऊ द्या. शाळेतली बक्षिसं नकोत.

पायरी ५: नावं आणि कागद जुळवा

भारतातली पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणं नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात झाली. त्यात गाणाऱ्या गायिका गौहर जान गाणं संपवताना 'माय नेम इज गौहर जान' असं म्हणत. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना गाणारी कोण ते कळावं, हा त्यामागचा हेतू. आज हेच काम आपण अपलोड करताना भरतो त्या रकान्यांचं आहे, आणि सगळ्यात जास्त हलगर्जीपणा तिथेच होतो.

माझ्या पहिल्या दोन गाण्यांवर माझ्या नावाची रोमन स्पेलिंगं वेगवेगळी गेली. परिणामी एकाच माणसाची दोन पानं तयार झाली आणि श्रोते विभागले. ती जोडून घ्यायला कित्येक आठवडे गेले. ज्यांच्या नावात 'ज्ञ' आहे त्यांनी आजच ठरवून टाकावं: रोमनमध्ये डी-एन-वाय लिहायचं की जी-वाय? एकदा ठरलं की सगळीकडे तेच. गाण्याची भाषा मराठी अशीच नोंदवा. शीर्षक देवनागरीत ठेवलंत तर वर्णनात ते रोमनमध्येही लिहा, लोक दोन्हीकडून शोधतात.

गीतकार, संगीतकार, वादक, ध्वनिमुद्रण करणारा, सगळ्यांची नावं भरा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा १२ अक्षरी क्रमांक मिळतो. गाणं स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपवर पोचवणारे बहुतेक वितरक तो देतात, तो वहीत लिहून ठेवा. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्यावं आणि तिथे आपल्या रचना नोंदवाव्यात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क राखलेला आहे. वारस किंवा हक्क सांभाळणारी संस्था सोडून इतर कुणाला तो देऊन टाकता येत नाही. म्हणजे करारात 'सर्व हक्क कायमचे' असं वाचून हताश होऊ नका, पण सहीही घाईने करू नका.

आणखी एक. तुकोबांचा अभंग कुणीही गाऊ शकतो, शब्दांवर आज कुणाचा हक्क नाही. पण आपल्या कानात बसलेली चाल बहुधा विसाव्या शतकातल्या कुणा संगीतकाराची असते, आणि संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं तिचा हक्क शाबूत असतो. अशा चालीपुढे 'पारंपरिक' लिहिणं चूक आहे. आजीकडून ऐकलेल्या ओवीपुढे नुसतं 'पारंपरिक' लिहून मोकळं होणंही मला पटत नाही. आजीचं नाव लिहा.

पायरी ६: तारीख मागे मोजून ठरवा

स्पॉटिफायवर गाणं प्रसिद्ध होण्याआधी किमान ७ दिवस सुचवलं, तर ते तुमच्या फॉलोअर्सच्या 'रिलीज रडार' या नव्या गाण्यांच्या यादीत येतं. ही शेवटची मुदत समजा. मी महिनाभर आधी फाइल देतो, कारण मुखपृष्ठातल्या एखाद्या चुकीवरूनही गाणं परत येतं. विठ्ठलाचं गाणं आषाढीच्या दिवशी आणलंत तर उशीर झाला. देहू-आळंदीहून पालख्या १८-२० दिवस आधी निघतात आणि लोक गाणी ऐकतात, पाठवतात ती त्याच दिवसांत. दिवाळी पहाटेच्या संहिता गणपतीच्या आगेमागे पक्क्या होतात. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना व्हिसाची सोय पाहावी लागते, त्यांच्याकडे आणखी बरेच महिने आधी बोलायला हवं.

पायरी ७: एकेकाला पाठवा

सरसकट शंभर जणांना एकच मेसेज धाडू नका. दहा निवडा आणि प्रत्येकाला का निवडलं ते लिहा. एका गायिकेने आमच्या मंडळातल्या ताईंना पाठवलेला मेसेज मी जपून ठेवला आहे. तिच्या परवानगीने, नाव काढून देतो:

'नमस्कार ताई. गेल्या वर्षी तुमच्याकडे भारूड झालं, ते मी मागच्या रांगेत बसून ऐकलं. मी कोकणातली, बायकांची फेराची गाणी गाते. आम्ही चौघी, सोबत ढोलकी आणि झांजा. दोन माइक पुरतात. कार्यक्रम चाळीस मिनिटांचा. खाली एक गाणं दिलं आहे, १ मिनिट १० सेकंदांपासून ऐकलंत तरी चालेल. मानधनाचं फोनवर बोलू का?'

ताईंनी त्याच संध्याकाळी फोन केला. कुठून ऐकावं ते तिने सांगितलं, माइक किती लागतील ते सांगितलं, आणि मानधनाचा विषय स्वतःहून काढला. 'प्रसिद्धी मिळेल' एवढ्यावर गायला बोलावणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणावं, हे मी आयोजक असूनही सांगतो.

रीलबद्दल थोडक्यात. सुरुवातीचं आलापाचं वळण सोडा आणि पहिल्या पायरीतल्या तिघांनी जिथे कान टवकारले तो तुकडा घ्या. शब्द देवनागरीत पडद्यावर टाका, कारण बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात.

पैशाची अपेक्षा खरी ठेवा. स्पॉटिफायवर गेल्या १२ महिन्यांत १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला रॉयल्टी मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा हवा तर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं ही नेहमीची अट. हे आकडे विकत देणारे भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. खोटी ऐकणी पकडली गेली की स्पॉटिफाय वितरकाला दंड लावतं आणि तुमचं गाणंच खाली उतरू शकतं.

खरे श्रोते कार्यक्रमातच भेटतात. म्हणून मंचाच्या पायरीपाशी एक वही आणि पेन ठेवा: नाव, गाव, फोन. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर साठवला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. तेव्हा वहीत नाव लिहून घेताना तिथेच त्यांना नंबर साठवायला सांगा, आणि 'आज कुठलं गाणं आवडलं?' असा एक रकाना आखून ठेवा. पुढच्या गाण्याचं वर्णन लिहायला बसाल तेव्हा आधी तो रकाना वाचा.