ओरॅकल मल्टिटेनंट शिकताना या चुका टाळा

ओरॅकलने 2013 साली 12सी आवृत्तीत कंटेनर डेटाबेस (सीडीबी) आणला, म्हणजे एका डेटाबेसच्या छताखाली अनेक प्लगेबल डेटाबेस (पीडीबी) ठेवणारी मल्टिटेनंट रचना, आणि 21सीपासून जुनी, म्हणजे नॉन-सीडीबी, रचना बंदच केली. तरी नव्या डीबीएच्या (डेटाबेस सांभाळणाऱ्याच्या) बोटांना जुनीच सवय असते: सर्व्हरवर लॉगिन करायचं, 'एसक्यूएलप्लस / अ‍ॅज सिसडीबीए' टाइप करायचं आणि कामाला लागायचं. पुढच्या निम्म्याअधिक चुका या एका ओळीतून निघतात, कारण ती ओळ तुम्हाला तुमच्या पीडीबीत नेत नाही. ती सीडीबी$रूटमध्ये, म्हणजे सगळ्या पीडीबींच्या वरच्या सामायिक कंटेनरमध्ये, उतरवते.

रूटमध्ये ॲप्लिकेशनचं टेबल शोधलं की 'टेबल ऑर व्ह्यू डझ नॉट एक्झिस्ट' येतं. ही त्यातल्या त्यात बरी चूक, कारण ती लगेच दिसते. वाईट चूक म्हणजे तिथेच टेबलं बनवणारी स्क्रिप्ट चालवणं. काही एरर न येता टेबलं रूटच्या सिस्टम टेबलस्पेसमध्ये, सिस युजरच्या नावावर जाऊन बसतात. एक्स्पोर्टचंही तसंच. रूटमधून चालवलं की डेटा पंप हे एक्स्पोर्टचं साधन ओआरए-39357 ही ताकीद देतं, रात्री आपोआप चालणाऱ्या क्रॉन जॉबमध्ये ती कोणी वाचत नाही आणि डम्प फाइलमध्ये तुमच्या ॲप्लिकेशनचा डेटाच नसतो. म्हणून कोणतीही स्क्रिप्ट चालवण्याआधी 'शो कॉन_नेम' द्या. पीडीबीत जायला 'अल्टर सेशन सेट कंटेनर = पीडीबी1'. जॉबमध्ये मात्र सिसडीबीए हे सर्वाधिकारी लॉगिन नकोच. पीडीबीच्या सर्व्हिस नावाने, त्या कामापुरता बनवलेला युजर वापरा. आणि 'शटडाउन इमिजिएट' टाइप करताना तर दोनदा बघा. पीडीबीत दिलं तर एक पीडीबी बंद होते, रूटमध्ये दिलं तर सगळ्यांचं दुकान बंद.

'क्रिएट युजर' दिलं आणि ओआरए-65096 आलं, तर तुम्ही पुन्हा रूटमध्येच आहात. तिथे फक्त कॉमन युजर (सगळ्या कंटेनरांत असणारा) बनतो आणि त्याच्या नावाआधी सी## लागतं. इंटरनेटवर यावर '_ओरॅकल_स्क्रिप्ट = ट्रू' हा उपाय सर्रास सांगितला जातो. तो करू नका. असा युजर ओरॅकलच्या स्वतःच्या अंतर्गत युजरांत गणला जातो आणि पुढे निस्तरायला त्रास होतो. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तुम्हाला हवा असतो पीडीबीतला साधा लोकल युजर. खरोखर कॉमन युजरच हवा असेल, तर ग्रँट (परवानगी) देताना 'कंटेनर = ऑल' विसरू नका, नाहीतर पीडीबीत लॉगिन करताना ओआरए-01045 (लॉगिनची परवानगी नाही) येईल. मॉनिटरिंगच्या युजरची आणखी एक खोच आहे: रूटमधून व्ही$सेशन (चालू सेशन दाखवणारा व्ह्यू) बघताना इतर पीडीबींच्या ओळी दिसण्यासाठी 'अल्टर युजर … सेट कंटेनर_डेटा = ऑल कंटेनर = करंट' द्यावं लागतं. एरर येत नाही, ओळी नुसत्या कमी दिसतात.

सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर 'डेटाबेस चालू आहे, पण ॲप्लिकेशनला ओआरए-01033 येतंय' ही तक्रार ठरलेली. वाड्याचा दिंडी दरवाजा उघडला म्हणून आतल्या खोल्यांची कुलपं उघडत नाहीत. सीडीबी ओपन झाली तरी पीडीबी माउंटेड (जोडलेल्या, पण न उघडलेल्या) राहतात. 'शो पीडीबीज' देऊन खात्री करा, 'अल्टर प्लगेबल डेटाबेस ऑल ओपन' द्या आणि सगळ्या उघडल्यावर 'अल्टर प्लगेबल डेटाबेस ऑल सेव्ह स्टेट'. क्रम महत्त्वाचा, कारण सेव्ह होते ती त्या क्षणाची अवस्था. नंतर बनवलेल्या पीडीबीसाठी हे पुन्हा द्यावं लागतं.

पीडीबी उघडते, पण 'शो पीडीबीज'मध्ये रिस्ट्रिक्टेडखाली (मर्यादित प्रवेश) 'येस' दिसतं? पीडीबी_प्लग_इन_व्हायोलेशन्स हा व्ह्यू उघडा आणि स्टेटस 'रिझॉल्व्ह्ड' नसलेल्या ओळी वाचा. टाइप 'वॉर्निंग' असेल तर सहसा थांबता येतं, 'एरर' असेल तर नाही. नेहमीचं कारण पॅचचं: दुसऱ्या सर्व्हरवरून आणलेली पीडीबी वेगळ्या पॅच पातळीवर असते, किंवा डेटापॅच (पॅचचे बदल डेटाबेसच्या आत लावणारं टूल) चालवताना ती माउंटेड असल्यामुळे सुटलेली असते. ती उघडून ओपॅच फोल्डरमधून 'डेटापॅच -व्हर्बोज' चालवा, मग पीडीबी बंद करून पुन्हा उघडा.

बॅकअपची गफलत अशी, की पीडीबीचा बॅकअप घेतला म्हणजे सगळं घेतलं असं वाटतं. रीडो लॉग (बदलांची नोंद) आणि कंट्रोल फाइल (डेटाबेसच्या फाइलींची नोंद) सगळ्यांना मिळून एकच असतात, रीडो लॉगच्या प्रती जपणारा आर्काइव्हलॉग मोडही पूर्ण सीडीबीचा. रूट आणि आर्काइव्ह लॉगशिवाय पीडीबीचा बॅकअप अर्धवटच. डेटाबेस_प्रॉपर्टीजमध्ये 'लोकल_अनडू_एनेबल्ड' ट्रू आहे का, तेही बघा. शेअर्ड अनडू (बदल मागे घेण्याची माहिती सगळ्यांची एकत्र) असेल तर एका पीडीबीला मागच्या वेळेवर न्यायलाही सहाय्यक (तात्पुरता, वेगळा) इन्स्टन्स लागतो. 'ड्रॉप … इन्क्लूडिंग डेटाफाइल्स' देण्याआधी तर बॅकअप वापरून पाहिलेलाच हवा. ड्रॉप केलेली पीडीबी जागच्या जागी मागच्या वेळेवर नेता येत नाही.

एका टेनंटचा (एक पीडीबी वापरणाऱ्याचा) महिनाअखेरचा रिपोर्ट सगळ्यांना मंद करतो, तेव्हा दोष बहुतेकदा क्वेरीचा कमी आणि रिसोर्स प्लॅन नसण्याचा जास्त. सीडीबी रिसोर्स प्लॅनमध्ये शेअर्स 3 आणि 1 दिले, तर सीपीयू भरलेला असताना वाटणी 75:25 होते. मोकळा असताना शेअर्स आड येत नाहीत. पीडीबीला एसजीए_मिन_साइझ (किमान सामायिक मेमरी) देणार असाल, तर सगळ्यांची बेरीज सीडीबीच्या एसजीए_टार्गेटच्या 50 टक्क्यांच्या आत ठेवा.

लायसन्सचंही बघून ठेवा. 19सीमध्ये मल्टिटेनंट ऑप्शन विकत न घेता तुम्ही बनवलेल्या 3 पीडीबी चालतात, सीड (नव्या पीडीबीसाठीचा साचा) त्यात धरत नाहीत. चौथी बनवताना डेटाबेस स्वतःहून अडवेलच असं नाही. रूटमध्ये मॅक्स_पीडीबीज 3 करून ठेवलं, तर तो ओआरए-65010 देऊन अडवतो.