खासदाराच्या फ्लॅटातला खून कसा लिहावा

बारा वर्षं मी दिल्लीत एका खासदारांचा पीए होतो. आता निवृत्तीनंतर रहस्यकथा लिहितो, म्हणून पहिलंच सांगतो: पंतप्रधानांना मारू नका. एसपीजी, म्हणजे पंतप्रधानांचं खास सुरक्षा दल, आली की घरगुती मजा गेली. बळी हवा एखादा साधा खासदार, नॉर्थ अव्हेन्यूतल्या फ्लॅटात, डिसेंबरच्या धुक्यात.

हेतू पोटनिवडणुकीत शोधा. जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. पण मुदत वर्षाहून कमी उरली असेल तर नाही. म्हणजे तिकिटासाठी टपलेल्या पुतण्यावर संशय हवा असेल, तर खून लोकसभेच्या पहिल्या चार वर्षांतच उरका. माझ्या पहिल्या कथेत मी तो शेवटच्या वर्षात केला होता. चूक बायकोने काढली, तीही भाजी निवडता निवडता.

वेळेचा हिशेब लोकसभाच देते. अकराला प्रश्नोत्तरांचा तास, बाराला शून्य प्रहर. मतविभाजनाची घंटा झाली की सगळे हातातलं टाकून मतदानाला पळतात. 'मी तोवर चहा घेत होतो' म्हणणाऱ्याच्या कपावरची साय मात्र जशीच्या तशी!

रक्त दाखवू नका. तपासाला पोलीसही नको. दिल्ली पोलीस केंद्रीय गृहमंत्रालयाखाली, लगेच फोनाफोनी सुरू. त्यापेक्षा स्वयंपाकाच्या मावशी घ्या. त्या भांडी विसळताना थांबतात.

"साहेब रात्री ताक घेत नाहीत. मग हा पेला कुणाचा?"