टोकन ‘आले’ म्हणण्याआधी या चुका टाळा

एका छोट्या ऑनलाइन दुकानासाठी मी यूएसडीटीत (टेथर कंपनीचं, डॉलरच्या भावाला बांधलेलं डिजिटल टोकन) पैसे घेणारी व्यवस्था लिहिली होती. गिऱ्हाइकाने व्यवहाराचा हॅश, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, टाकायचा, माझ्या कोडने तो इथेरियमवर, म्हणजे ब्लॉकांच्या साखळीत मांडलेल्या उघड्या खातेवहीत, शोधायचा, पत्ता आणि रक्कम जुळली की ऑर्डर रवाना. पहिल्याच आठवड्यात एक माल गेला आणि पैसे आलेच नाहीत. हॅश खरा होता, ब्लॉकमध्ये नोंदही होती. व्यवहार तेवढा फसलेला होता.

चूक माझी. इथेरियमवर फसलेला व्यवहारसुद्धा ब्लॉकमध्ये बसतो, गॅस, म्हणजे नेटवर्कची फी, तीही खातो. टोकन मात्र जागचे हलत नाहीत. मी वाचत होतो ती पाठवणाऱ्याने पाठवायला सांगितलेली रक्कम. चेक लिहिला म्हणजे वटला असं थोडंच असतं! आधी व्यवहाराच्या पावतीतलं स्टेटस बघा: १ असेल तर पुढे, ० असेल तर तिथेच थांबा. मग रक्कम घ्यायची ती पावतीतल्या ‘ट्रान्सफर’ लॉगमधून, म्हणजे टोकन हलल्याच्या नोंदीतून. एक्सआरपी हे दुसरं क्रिप्टो चलन घेणाऱ्यांची हीच गफलत वेगळ्या तऱ्हेने होते. तिथे अंशतः भरणा चालतो, त्यामुळे ‘अमाउंट’मध्ये मोठा आकडा आणि हातात चिल्लर असं होऊ शकतं. खरी जमा ‘डिलिव्हर्ड अमाउंट’मध्ये असते.

लॉग सापडला म्हणूनही हुरळून जाऊ नका. तो लॉग कोणत्या कॉन्ट्रॅक्टने, म्हणजे टोकन चालवणाऱ्या साखळीवरच्या प्रोग्रामने, काढला, हे बघितल्याशिवाय त्याला किंमत नाही. ‘टेथर यूएसडी’ हे नाव आणि यूएसडीटी हे चिन्ह देऊन कोणीही संध्याकाळपर्यंत नवं टोकन काढू शकतो, आणि त्याचं कॉन्ट्रॅक्ट हवा तो आकडा लॉगमध्ये छापू शकतं. नाव, लोगो, वॉलेटमध्ये दिसणारी शिल्लक, यांतलं काहीच पुरावा नाही. कॉन्ट्रॅक्टचा पत्ता टोकन काढणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्या आणि कोडमध्ये पक्का बसवा. स्क्रीनशॉटबद्दल तर बोलायलाच नको.

आता ज्या चुकीने भलेभले गारद झाले ती. तुमच्या व्यवहारांच्या यादीत कधी कधी शून्य रकमेची एक नोंद दिसते: तुमच्याच पत्त्यावरून कुणाला तरी शून्य यूएसडीटी गेले. वॉलेट हॅक झालं म्हणून लोक घाबरतात. तसं झालेलं नसतं. तुमच्या खात्यातून टोकन हलवायची परवानगी शून्य असली तरी शून्य टोकन हलवायला बरीच कॉन्ट्रॅक्ट हरकत घेत नाहीत, आणि ठग त्याचाच फायदा घेतात. तुम्ही नेहमी ज्याला पाठवता त्याच्यासारखाच दिसणारा, पहिली आणि शेवटची काही अक्षरं तंतोतंत जुळणारा पत्ता ते तयार करतात आणि तुमच्या यादीत पेरून ठेवतात. पुढच्या वेळी तुम्ही यादीतून पत्ता कॉपी करता आणि रक्कम त्यांच्याकडे. मे २०२४ मध्ये एकाचे सुमारे १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (इथेरियमवर चालणारं, बिटकॉइनच्या किमतीचं टोकन), म्हणजे तेव्हाचे साधारण ६.८ कोटी डॉलर, असेच गेले. त्याने आधी थोडी रक्कम पाठवून खात्रीही केली होती. बनावट पत्ता त्या चाचणीनंतरच यादीत आला. पुढे बरीचशी रक्कम परत मिळाली, पण त्या नशिबावर विसंबू नका. पत्ता यादीतून उचलायचा नाही, आणि ताडून बघायची ती सगळी ४० अक्षरं.

दशांशांचा घोळ त्यामानाने साधा. कॉन्ट्रॅक्ट रक्कम पूर्णांकात ठेवतं; त्यातले शेवटचे किती आकडे दशांश चिन्हानंतरचे, ते साखळीवर ठरतं. इथेरियमवर यूएसडीटीचे ६ दशांश, बीएनबी चेन या दुसऱ्या साखळीवर १८. एकच कोड दोन्हीकडे लावला तर शंभराचे शंभर लाख कोटी व्हायला वेळ लागत नाही. आकडा कोडमध्ये लिहू नका, कॉन्ट्रॅक्टलाच विचारा.

‘किती कन्फर्मेशन थांबू?’, म्हणजे व्यवहारावर किती ब्लॉक चढू देऊ, याचं उत्तर साखळीगणिक बदलतं. बिटकॉइनवर ६ ब्लॉक, म्हणजे सुमारे तासभर, हा जुना रिवाज. इथेरियमवर १२ सेकंदांना ब्लॉकची पाळी येते आणि व्यवहार पक्का, म्हणजे उलटवता न येण्याजोगा, व्हायला साधारण १३ मिनिटं लागतात. पण घड्याळ लावून बसू नका. मे २०२३ मध्ये ब्लॉक येत होते, पण ते पक्के होणं दोनदा थांबलं होतं. नोडला, म्हणजे साखळीची प्रत ठेवणाऱ्या संगणकाला, थेट ‘फायनलाइज्ड’ (पक्का झालेला) ब्लॉक विचारा. कमी ताकदीच्या साखळ्यांवर तर आणखी सबुरी हवी: ऑगस्ट २०२० मध्ये इथेरियम क्लासिकवर ५१ टक्क्यांचे (निम्म्याहून जास्त संगणकीय ताकद हाती घेऊन केलेले) हल्ले होऊन हजारो ब्लॉक उलटवले गेले.

एक्सप्लोररवर, म्हणजे साखळीवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर, सगळं ठीक आणि वॉलेट मात्र रिकामं? बहुतेक वेळा वॉलेटला ते टोकन माहीत नसतं; कॉन्ट्रॅक्टचा पत्ता टाकून जोडा. एक्सप्लोररवरही दिसत नसेल तर नेटवर्क तपासा. इथेरियम आणि बीएनबी चेन या दोन्हींवर तुमचा पत्ता एकच असतो, म्हणून पाठवणारा सहज चुकतो. पत्त्याची गुप्त किल्ली तुमच्याकडे असेल तर वॉलेटमध्ये ते नेटवर्क जोडलं की टोकन दिसतात. पत्ता एक्सचेंजचा असेल तर त्यांच्या मदतकक्षाशिवाय गत्यंतर नाही.

माझ्या कोडमधलं शेवटचं भोक सगळ्यात उशिरा दिसलं. साखळी सगळ्यांना उघडी आहे, त्यामुळे दुसऱ्याने भरलेल्या पैशांचा हॅश उचलून कोणीही ‘हे मीच भरले’ म्हणू शकतो, किंवा एकाच हॅशवर दोन ऑर्डरी मागू शकतो. आता प्रत्येक ऑर्डरला वेगळा पत्ता देतो, आणि गिऱ्हाइकाला हॅश विचारतच नाही.