ऑफिसच्या भिंतीवर म्युरल काढताय? आधी बल्ब आणि रॉकेट खोडा

भिंत घासून, प्रायमर मारून तयार आहे असं धरतो. पावसाळ्यात ओल येणारी भिंत घेऊच नका, विषय संपला.

खरी मारामारी चिन्ह ठरवतानाच होते. क्रिएटिव्ह कंपनी म्हटलं की मालक लोक बल्ब, मेंदू, दातेरी चाकं आणि रॉकेट मागतात. सुरुवातीला मीही मुकाट्याने काढून दिलं, एका एजन्सीत तर सहा महिन्यांत माझ्या मेंदूवर सुट्ट्यांच्या यादीचा बोर्ड लागला, आणि खरं सांगायचं तर कुणाला काही वाटलंही नाही. जे चित्र कुठल्याही ऑफिसात चालतं ते कुठल्याच ऑफिसचं नसतं.

म्हणून आता पेन्सिल उचलायच्या आधी दोन दिवस तिथे नुसता बसतो. मालकाच्या केबिनमध्ये नाही, चहाच्या मशीनपाशी, कारण लोक कुरकुरतात तिथेच. पुण्यातल्या एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत एकजण म्हणाला, दिवसभर बसलो तरी एक सेकंद पुरा होत नाही राव. झालं, मिळालं चिन्ह! पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम्स, म्हणजे एकेक स्थिर चित्र, सरकतात, पण हाताने काढताना बऱ्याचदा १२च चित्रं काढतात आणि एकेक चित्र दोन फ्रेम धरतात. मी तिथल्या ३० फुटी पॅसेजमध्ये एकाच बगळ्याच्या १२ पोझ काढल्या, चालत गेलं की तो उडतो. एका सेकंदाची भिंत. खाली एक शब्द लिहावा लागला नाही.

स्केच आधी अकाउंट्सवाल्यांना आणि ऑफिस बॉयला दाखवा. समजावून सांगावं लागलं तर फाडा.

अजून एक, आणि हे मी तोंडावर आपटून शिकलोय. कुणाची परंपरा उचलून 'डेकोरेशन' करू नका. एका कँटीनमध्ये मी हौसेने वारली चौक, म्हणजे वारली चित्रांतली ती नक्षीदार चौकोनी आकृती, काढला होता. तिथेच काम करणारा डहाणूकडचा एक मुलगा शांतपणे म्हणाला, दादा, हा आमच्यात लग्नाला काढतात, आत पालघट देवी बसते, तुम्ही हात धुवायच्या बेसिनवर काढलाय. त्याच रात्री पांढरा रंग मारला. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशेंनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली हे खरं, पण म्हणून चौक म्हणजे बॉर्डर होत नाही. वारलीच हवी असेल तर वारली चित्रकाराला बोलवा, काय काढायचं ते त्याला ठरवू द्या आणि पैसे नीट द्या.

बाकी सोपं आहे. खालचे तीन फूट खुर्च्या आणि बॅगा खातात, मुख्य आकार त्याच्या वर घ्या. रात्री प्रोजेक्टर लावून आउटलाइन मारा. अ‍ॅक्रिलिक इमल्शन, चारच रंग. शेवटी क्लिअर कोट मॅटच घ्या, ग्लॉसी मारलात तर ट्यूबलाइट थेट बगळ्याच्या पोटावर चमकते आणि लोकांना दिवसभर बगळा नाही, ट्यूबच दिसते.