झिजल्या थडग्यावरून घराणं कसं शोधायचं

भर दुपारी ब्रिटिशकालीन ख्रिस्ती दफनभूमीत गेलात तर दगड कोराच दिसणार. देवळाली असो की इगतपुरी, आधी रीतसर परवानगी काढा आणि सकाळी ऊन तिरपं असताना जा. झाडाची सावली आड येत असेल तर सोबतच्याला आरसा धरायला लावा आणि उजेड कडेने पाडा. खाचांत सावली भरली की अक्षरं उठून दिसतात. फोटो दोन-तीन बाजूंनी काढा. शेवाळ असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश, बास. तारेचा ब्रश, खडूची पूड, ॲसिड नको; ॲसिडने संगमरवर चक्क विरघळतो.

माझी नोकरी भूमी अभिलेखात गेली. तिथली शिस्त इथेही पाळा: दिसतं तेवढंच उतरवायचं, पुसलेल्या अक्षराच्या जागी टिंब, आणि आपला अंदाज वेगळ्या शाईने. विशेषतः ३ की ८, १ की ७ हे जागेवर ठरवून टाकू नका.

इगतपुरीला एका संगमरवरी पाटीच्या अक्षरांत भरलेलं शिसं पार गळून गेलं होतं. अशा पाट्यांवर शिसं धरून राहावं म्हणून अक्षराच्या खाचेत बारीक भोकं पाडलेली असतात. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून भोकं जोडत गेलो. बाईचं पहिलं नाव पूर्ण लागलं, आडनावाची तीनच अक्षरं. मग ‘वाइफ ऑफ’, ‘जी.आय.पी.आर.’, मे १८७२, वय २४. म्हणजे नवरा जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेतला. थळ घाटातून गाडी १८६५ मध्ये सुरू झाली, तेव्हा हे कुटुंब त्याच सुमाराला आलेलं असणार.

पुढचं काम घरबसल्या. मुंबई इलाख्यातल्या चर्चांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. ब्रिटिश लायब्ररीत त्यांची मालिका एन/३. फॅमिलीसर्च आणि फिबिस (FIBIS) या घराणी शोधायच्या संकेतस्थळांवर त्यांच्या सूच्या फुकट चाळता येतात. आडनाव अर्धंच असेल तर फॅमिलीसर्चवर पुढे फुली (*) टाका, साल आगेमागे धरा. दफनाच्या नोंदीत बहुधा नवऱ्याचा हुद्दा असतो, कधी मृत्यूचं कारणही. पण तिथे थांबू नका. पोरांच्या बाप्तिस्म्यात आईबापांची नावं मिळतात, आणि लग्नाच्या नोंदीत वधू-वर दोघांच्या वडिलांची. खरी किल्ली ती.

वडिलांचं नाव हाती आलं की इंग्लंडची १८५१ ची जनगणना उघडा. १८७२ मध्ये चोवीस, म्हणजे तेव्हा दोन-तीन वर्षांची पोर. भावंडं, बापाचा धंदा, जन्मगाव सगळं एका पानावर. १८४१ च्या जनगणनेत कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलंच नाही, म्हणून ती मी शेवटी बघतो. दगडावरचं वयही वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे धरा.

नाव इंग्रजी म्हणून माणूस इंग्लंडचाच, असंही नाही. नाशकातल्या शरणपूरच्या मिशनमध्ये गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकली. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन, त्याच्या शवपेटीबरोबर १८७४ मध्ये इंग्लंडला गेलेला जेकब वेनराइट तिथलाच. असा माणूस जनगणनेत कुठून सापडणार? त्याच्यासाठी मिशनचे अहवाल चाळा.

आणि पाटीवरची ती बाई, तेव्हाची मुलगी, १८५१ च्या जनगणनेत नसेलच, तर बाप बहुधा इथल्या पलटणीत होता. मग बंगालची एन/१, मद्रासची एन/२ आणि आपली एन/३, तिन्हींतले बाप्तिस्मे बघा. पलटणी फिरत असत. एकाच घरातली भावंडं तीन इलाख्यांत जन्मलेली निघतात.