फुकट विजेचं यंत्र आलं तर

सातपूरला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. ‘एक युनिट घाला, तीन घ्या’वाला अधूनमधून येतोच. त्याचा मीटर नको, आपलाच लावा. वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा क्लॅम्प मीटर नुसता करंट दाखवतो, वॉट नाही. म्हणून एनर्जी मीटर हवा. क्लॅम्प अर्थिंगच्या वायरीवरही फिरवा. एकदा विजेची चोरवाट तिथेच सापडली होती!

वाफ दाखवली तर भुलू नका. २०११ मध्ये इटलीत रॉसीच्या ई-कॅटवरून (घातलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता देतं म्हणवणारं यंत्र) वाद पेटला, तो वाफ कोरडी की ओली यावरही. ओल्या वाफेत न उकळलेले पाण्याचे थेंब असतात, म्हणून तिच्यात उष्णता कमी. वाफ सरळ पिंपातल्या थंड पाण्यात सोडा, थर्मामीटर घाला. एका युनिटने १०० लिटर पाणी ८.६ अंशच चढतं. जास्त चढलं तर बोलू.

लपवलेल्या बॅटरीवर उपाय एकच: आठवडाभर चालू ठेवणे. ‘राहू द्या इथेच’ म्हटलं की मंडळी चहासुद्धा न पिता निघतात.